जुन्या जपानी प्रो-रेसलिंगच्या लढतींचे परीक्षण कसे लिहावे

सांगली, मिरज, पलूस, विटा, कराड या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला कुस्ती कशी पाहावी हे शिकवावे लागत नाही. कुंडलच्या मैदानात उन्हात बसून, सलामी झाल्यावर पैलवानाने पहिला हात कुठे टाकला एवढ्यावरून जोडीचा अंदाज बांधणारे प्रेक्षक आपल्याकडे गावोगाव भेटतात. हाच जाणकार प्रेक्षक १९७० ते १९९५ या काळातला एखादा जपानी प्रो-रेसलिंगचा कार्यक्रम पाहून त्यावर लिहायला बसतो, तेव्हा मात्र लिखाण बहुधा दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर ‘ही सगळी नुरा कुस्ती आहे’ असे म्हणून तो चार ओळींत विषय मिटवतो, नाहीतर कोणी कोणाला किती वेळा उचलून आपटले याची जंत्री देतो. ज्याने लढत पाहिलेली नाही त्याला ती पाहावीशी वाटेल आणि ज्याने पाहिली आहे त्याला तिच्यातले निसटलेले काही सापडेल, असे परीक्षण लिहिण्याची पद्धत येथे मांडली आहे.

नुरेचा प्रश्न आधीच निकालात काढलेला बरा. आपल्या मैदानात नुरा हा आरोप असतो, कारण तेथे प्रेक्षकाला खऱ्या लढतीचा शब्द दिलेला असतो आणि दोन पैलवानांनी आपसांत ठरवून तो मोडलेला असतो. प्रो-रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असणे हा त्या प्रकाराचा पायाच आहे. त्यामुळे तेथे तक्रारीला जागा नाही. रंगमंचावर मेलेला नट पडदा पडल्यावर उठून उभा राहतो म्हणून कोणी नाटकाला खोटे ठरवत नाही, आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जेथे मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला त्या सांगलीत तर हे समजावून सांगण्याची गरज नसावी. माझे म्हणणे असे की, या लढतींचे परीक्षण करताना मैदानातली नजर आणि नाट्यगृहातली नजर या दोन्ही एकाच वेळी लागतात, आणि ज्या गावाकडे दोन्ही आहेत तेथला प्रेक्षक हे काम इतरांपेक्षा चांगले करू शकतो.

अपवाद मात्र माहीत असावेत. २६ जून १९७६ रोजी तोक्योच्या निप्पोन बुदोकान या सभागृहात जपानी प्रो-रेसलर अंतोनिओ इनोकी आणि मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांच्यात पंधरा फेऱ्यांची लढत झाली आणि ती बरोबरीत सुटली. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. प्रो-रेसलिंग म्हणून पाहिले तर ही लढत कंटाळवाणी आहे. पण तिचे मोजमाप वेगळे आहे, कारण तेथे दोघे एकमेकांना साथ देत नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीत इनोकीची गाठ गामाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाशी पडली आणि अक्रमच्या हाताला गंभीर इजा होऊन ती संपली. अशा लढतींवर लिहिताना पहिल्याच परिच्छेदात वाचकाला सांगावे की आपण कोणत्या प्रकारची लढत पाहत आहोत.

आपल्या भागाचा जपानी कुस्तीशी संबंध तसा जुना आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले, त्याच गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशी याने नेले, आणि खाशाबांची त्याच्याशी प्रत्यक्ष झटापटही झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९५४ मध्ये, रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा या जपानी प्रो-रेसलरांची जोडी परदेशी शार्प बंधूंशी लढली आणि ती पाहण्यासाठी जपानच्या रस्त्यांवर लावलेल्या टीव्ही संचांसमोर अफाट गर्दी झाली. येथून जपानी प्रो-रेसलिंग घरोघर पोहोचले. १९६३ मध्ये रिकिदोझान वारला, आणि १९७२ मध्ये त्याच्या दोन शिष्यांनी दोन वेगळ्या संस्था काढल्या. इनोकीची न्यू जपान आणि जायंट बाबाची ऑल जपान. जुना जपानी कार्यक्रम म्हणून जे काही हाती लागते, त्यातले बरेचसे या दोन संस्थांचे असते.

लढत लावण्याआधी

हाती आलेले चित्रण नेमके कोणत्या दिवसाचे आहे हे आधी ठरवावे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रणावर, किंवा जपानी पोस्टरवर, तारीख पुष्कळदा सम्राटाच्या शकात असते. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शोवा ४९ म्हणजे १९७४. हेइसेइ वर्षात १९८८ मिळवावे, म्हणजे हेइसेइ २ म्हणजे १९९०. तारखेवर एवढा भर देण्याचे कारण असे की, हीच दोन माणसे वर्षभरात अनेकदा एकमेकांसमोर येतात आणि मार्चमधली लढत जूनमधली समजून लिहिलेले परीक्षण मुळातच चुकीचे ठरते.

नंतर लढत पूर्ण आहे की कापलेली आहे ते पाहावे. जपानी टीव्हीवर या लढती बऱ्याचदा कापून दाखवल्या जात; नव्वदीच्या दशकात ऑल जपानचा कार्यक्रम तर रात्री उशिरा आणि थोडक्या वेळात उरकला जाई, त्यामुळे पंचवीस मिनिटांची लढत बारा मिनिटांत दिसणे यात नवल नाही. कापाकापी शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. जपानमध्ये निवेदक दर पाच मिनिटांनी किती वेळ झाला ते पुकारतो. पाच मिनिटांना ‘गोफुन केइका’, दहाला ‘जुप्पुन केइका’, पंधराला ‘जुगोफुन केइका’, विसाला ‘निजुप्पुन केइका’. घंटा झाल्यापासून आपल्या घड्याळात सात मिनिटे झालेली असताना ‘जुप्पुन केइका’ ऐकू आले, तर तीन मिनिटे आधीच कापली गेली आहेत. परीक्षणात हे स्पष्ट लिहावे. कापलेल्या लढतीच्या संथपणाबद्दल किंवा वेगाबद्दल मत देणे म्हणजे अर्धी पाने फाटलेल्या कादंबरीवर बोलणे होय. अशा वेळी जे दिसले तेवढ्यावरच बोलावे.

सुरुवातीच्या पुकाऱ्याकडेही कान द्यावा. ‘रोकुजुप्पुन इप्पोन शोबु’ म्हणजे साठ मिनिटांची, एका निकालाची लढत. ‘सांबोन शोबु’ असे ऐकू आले तर तीनपैकी दोन निकाल जिंकायचे असतात, आणि सत्तरीच्या दशकात मोठ्या किताबांच्या लढती पुष्कळदा अशाच होत. नवखा प्रेक्षक पहिली पाठ लागली की लढत संपली समजून चित्रण बंद करतो.

चित्रण शक्यतो अधिकृत ठिकाणचे घ्यावे. न्यू जपानने २०१४ अखेरीस स्वतःची ऑनलाइन सेवा सुरू केली असून तिच्यावर जुन्या लढतींचा मोठा साठा आहे.

पार्श्वभूमी किती शोधावी

याला माझे उत्तर असे आहे की, लढतीत दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लागेल इतकी. त्याहून जास्त शोधली की परीक्षण मागे पडते आणि चरित्र सुरू होते. ८ जून १९९० रोजी बुदोकानमध्ये झालेला ऑल जपानचा कार्यक्रम या दृष्टीने अभ्यासासारखा आहे. त्या रात्री स्टॅन हान्सेनने टेरी गॉर्डीला हरवून ट्रिपल क्राउन हा संस्थेचा सर्वोच्च किताब घेतला. तरीही तो कार्यक्रम आजवर लक्षात राहिला तो मित्सुहारु मिसावा आणि जंबो त्सुरुता यांच्या लढतीमुळे, जिच्यावर कोणताही किताब लागलेला नव्हता. असे का व्हावे, हा प्रश्न परीक्षकाने स्वतःला विचारला की शोधायची पार्श्वभूमी आपोआप मर्यादित होते.

गेनिचिरो तेन्र्यू हा संस्थेचा दुसरा मोठा पैलवान त्याच वसंतात संस्था सोडून गेला होता आणि त्याच्यामागे आणखी काही जण गेले होते. त्सुरुता ३९ वर्षांचा, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन खेळून आलेला, संस्थेचा आधारस्तंभ. मिसावा त्याच्यासमोर पोरगेलाच, अठ्ठाविसावे पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी. अनेक वर्षे तो टायगर मास्क म्हणून मुखवटा घालून खेळत होता आणि मे महिन्यात, लढत सुरू असतानाच, त्याने तो मुखवटा काढून टाकला होता. मुखवट्याच्या नाड्या सोडल्या त्या तोशिआकी कावादाने, जो शाळेतल्या कुस्ती पथकात त्याच्या एक वर्ष मागे होता. हे एवढे चार-पाच तपशील कळले की बुदोकानमधला मिसावाच्या नावाचा घोष कशासाठी आहे ते समजते. तेथे लोक एका लढतीचा निकाल पाहायला जमले नव्हते. संस्थेला पुढचा मोठा पैलवान मिळतो का, हे पाहायला जमले होते. आपल्याकडे तालमीतला एखादा जुना मल्ल थकत आला आणि वस्तादांनी एखाद्या पोराची जोड त्याच तोलाच्या मल्लाशी लावली की गावच्या गाव मैदानाला लोटते, तीच ही भूक आहे.

तीन वेळा पाहणे

पहिल्यांदा वही बंद ठेवून पाहावे. निकाल आधी ठाऊक नसेल तर उत्तम. ठाऊक असेल तरी हात रिकामे ठेवावेत. लढत संपल्यावर लगेच एका परिच्छेदात लिहून ठेवावे की आपण कुठे पुढे सरकून बसलो आणि कुठे मोबाइल हातात घेतला. हा परिच्छेद पुढे बदलू नये. नंतरचे सगळे निरीक्षण त्याच्याशी ताडून पाहायचे असते, आणि जेथे विसंगती निघते तेथेच बहुधा लिहिण्यासारखे काही सापडते.

दुसऱ्यांदा पाहताना वही उघडावी. पानावर चार उभे रकाने पुरतात: वेळ, वरचढ कोण, काय घडले, आणि गर्दीने काय केले. प्रत्येक डाव लिहू नये. नियंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे गेले तेव्हाच नोंद करावी. समजा सहाव्या मिनिटाला एकाने प्रतिस्पर्ध्याचा गुडघा दोरांत अडकवून लाथ मारली, तर ‘०६:१०, क वरचढ, ख चा डावा गुडघा, गर्दी ओरडते’ एवढी ओळ पुरे. मग पुढच्या प्रत्येक नोंदीशेजारी ख त्या गुडघ्यावर भार देतो आहे का, एवढीच खूण करत जावी. वीस मिनिटांच्या लढतीत अशा पंधरा-सोळा ओळी निघाल्या तर सांगाडा मिळाला असे समजावे. चाळीस ओळी निघाल्या तर आपण जंत्री करू लागलो आहोत.

गर्दीचा रकाना भरताना जपानी प्रेक्षकाबद्दल एक गोष्ट ध्यानात धरावी. तो आपल्या मैदानासारखा सतत आरोळ्या ठोकत नाही. साधारण दोन हजार माणसांच्या कोराकुएन हॉलमध्ये सुरुवातीची दहा मिनिटे एखाद्या शांत बैठकीसारखी जातात. लोक पकडीकडे लक्ष देऊन पाहतात, पकड सुटली की टाळ्या वाजवतात. ही शांतता कंटाळ्याची असते असे मानून अनेक परीक्षणांत अकारण गुण कापले जातात. पुढे पायांनी जमीन धडधडवायला सुरुवात होते, मग नावाचा घोष, आणि शेवटी पंचाची तीनपर्यंतची मोजणी ‘दोन’वर थांबली की दर वेळी एकदम उसळणारा आवाज. हा चढ कोणत्या मिनिटाला सुरू झाला ते लिहून ठेवावे, कारण लढत कोठे वळली याचा गर्दीइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. ज्यांना जपानी येत नाही त्यांनी समालोचन शब्दांसाठी न ऐकता चढउतारासाठी ऐकावे. न्यू जपानच्या ऐंशीच्या दशकातल्या चित्रणात इचिरो फुरुताची याचा आवाज आहे, आणि त्याच्या बोलण्याचा वेग वाढला की काहीतरी शिजते आहे हे भाषा न कळताही समजते.

तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे. येथे मैदानातली नजर कामी येते. वजन कुठे आहे, टाच टेकली आहे की चवड्यावर उभा आहे, पकडीत अडकलेला माणूस खरोखर सुटू पाहतो आहे की नुसता पडून आहे, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला क्षणात दिसते. त्याला हेही दिसते की उचलून मागे टाकण्याच्या जवळजवळ प्रत्येक डावात उचलला जाणारा स्वतः उडी घेतो. मातीत याच्या नेमके उलट होते; तेथे खालचा मल्ल अंग जड करून टाकतो आणि ते उचलता आले तरच डाव बसतो. ही साथ दिसली म्हणून लढतीचे गुण कापू नयेत. गुण कापावेत ते त्या वेळी, जेव्हा कथेप्रमाणे माणूस जिवाच्या आकांताने प्रतिकार करत असायला हवा आणि तरीही तो अगदी आज्ञाधारकपणे वर उचलला जातो.

आता ८ जूनच्या लढतीचा शेवट पुन्हा पाहा. त्सुरुता मागून कमरेला मिठी घालून आपला हुकमी बॅकड्रॉप टाकायला जातो, आणि मिसावा हवेत असतानाच वजन फिरवून त्याच्या अंगावर पडतो. पंच तीनदा चटई बडवतो, वेळ २४ मिनिटे ६ सेकंद. यात मिसावाने कोणताही मोठा डाव टाकलेला नाही. वीस-बावीस मिनिटे ज्या डावाची धास्ती प्रेक्षकाच्या मनात होती, तोच डाव अर्ध्यावर उलटला आहे. ‘मिसावा कसाबसा जिंकला’ आणि ‘मिसावा बेसावध त्सुरुतावर पडून जिंकला’ ही दोन्ही वाक्ये घटनेला धरून आहेत, पण दोन्ही अपुरी आहेत. त्या रात्री त्सुरुताची ताकद तसूभरही कमी न करता पोराला मोठे करायचे होते, आणि तीनच सेकंदांत ते साधले गेले. हे वाक्य लिहिता आले की परीक्षण झाले.

गुण कशाला द्यावेत

अनेक निकष सांगितले जातात, पण माझ्या मते सर्वांत मोठा निकष स्मरणाचा आहे. पाचव्या मिनिटाला जे घडले ते तिसाव्या मिनिटाला लढतीच्या लक्षात आहे का? पायावर सात-आठ वेळा घाव बसलेला माणूस शेवटी त्याच पायावर जोर देऊन सफाईने उडी मारत असेल, तर मधली सगळी मिनिटे वाया गेली. याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे ९ जून १९९५ची बुदोकानमधली जोड्यांची लढत, एका बाजूला मिसावा आणि केंता कोबाशी, दुसऱ्या बाजूला कावादा आणि आकिरा ताउए. कोबाशी मांडीला पट्ट्या बांधूनच येतो आणि समोरचे दोघे तो पाय सोडत नाहीत. मिसावाच्या डोळ्याभोवतीच्या हाडाला आधी झालेली इजाही लढतीत सामील आहे. बेचाळीस मिनिटांच्या वर चाललेल्या या लढतीत ती दुखणी एकदाही विसरली जात नाहीत. शेवटी शेवटी, पाय निकामी झालेला कोबाशी हालू न शकणाऱ्या मिसावाला वाचवण्यासाठी स्वतःचे अंग त्याच्यावर टाकतो. या क्षणाचा परिणाम त्या हालचालीत नाही. आधीच्या अर्ध्या तासात त्या पायाचा हिशेब चोख ठेवला गेला, त्यात आहे. मग कावादा पॉवरबॉम्बने, म्हणजे वर उचलून पाठीवर आपटण्याच्या डावाने, मिसावाची पाठ लावतो, आणि शाळेपासून एक वर्ष पुढे असलेल्या माणसाला त्याने अशी पाठ लावण्याची ही पहिलीच वेळ. परीक्षण लिहिताना मी कोबाशीच्या त्या क्षणाला दोन वाक्ये देईन आणि त्याच्याआधीच्या पायाच्या नोंदींना दोन परिच्छेद.

दुसरा निकष काळाचा. सत्तरीच्या दशकातली लढत नव्वदीच्या वेगाने मोजू नये. ऐंशीच्या दशकात दोघेही रिंगबाहेर वेळेत परत न आल्याने अनिर्णित राहिलेल्या लढतींचा सुळसुळाट होता. कोणत्याच मोठ्या पैलवानाला हरवायचे नसे म्हणून ही पळवाट असे. तिला पळवाट म्हणावे, पण एकट्या त्या लढतीचा दोष म्हणू नये. ऑल जपानने ऐंशीच्या अखेरीस निकाली शेवटांकडे वळण घेतले, म्हणूनच पुढच्या दशकातल्या तिच्या लढतींना एवढी धार आली.

ताऱ्यांची प्रथा वाचकांना माहीत असते. अमेरिकी पत्रकार डेव्ह मेल्त्झर याच्या पाच ताऱ्यांच्या मोजणीमुळे ती जगभर रूढ झाली, आणि पुढे त्यानेच ती पाचाच्या वर नेली, तेव्हा मापाचे माप काय उरले हा प्रश्न आहेच. तारे द्यायचे असतील तर लेख पूर्ण झाल्यावर द्यावेत. आधी दिले की सगळा लेख त्या आकड्याची वकिली करत बसतो.

लिहिताना

डावांच्या नावांबाबत एकच पथ्य पाळावे. आपल्या कुस्तीतला शब्द चपखल बसत असेल तेथेच वापरावा. पट काढणे, सवारी भरणे, पाठ लागणे हे सर्वत्र चालते. पण बॅकड्रॉपला ढाक म्हटले तर जाणकाराला ते खटकते आणि नवख्याचा गोंधळ होतो. त्यापेक्षा पहिल्यांदा नाव येईल तेथे डाव एका वाक्यात सांगावा: मागून कमरेला मिठी घालून, स्वतः पाठीवर पडत, समोरच्याला मानेच्या मुळावर आणणे. पुढे नुसते बॅकड्रॉप म्हटले तरी चालते. इनोकीची ऑक्टोपस पकड, रिकी चोशूची विंचू पकड, हान्सेनचा लॅरिअट, अशी जी नावे माणसाशी जोडलेली आहेत ती तशीच ठेवावीत, कारण प्रेक्षक तो डाव त्या माणसाची सही म्हणून पाहतो.

निकाल मथळ्यात देऊ नये. पस्तीस वर्षांपूर्वीची लढत असली तरी वाचणारा ती उद्या पहिल्यांदा पाहणार असतो. लढतीतली हालचाल वर्तमानकाळात आणि पार्श्वभूमी भूतकाळात लिहिली की वाचकाचा गोंधळ होत नाही. नव्वदीतल्या रेसलिंगच्या खेळायच्या पत्त्यांवर हल्क होगन या अमेरिकी पैलवानाची उंची आणि वजन पाठ केलेल्या पिढीसाठी एक सूचना: २ जून १९८३ रोजी कुरामाए कोकुगिकानमध्ये इनोकीला बेशुद्ध करून जिंकलेला होगन त्या पत्त्यावरच्या होगनपेक्षा बराच वेगळा आहे. जपानमध्ये तो पकडी लावतो, जमिनीवर खेळतो. ओळखीचे नाव दिसले म्हणून ओळखीची मते वापरू नयेत.

डोक्यावर आपटणाऱ्या डावांविषयी मात्र जपून लिहावे. नव्वदीच्या दशकात ऑल जपानमध्ये मान आणि डोके जमिनीवर येतील असे डाव वाढत गेले. ३ जून १९९४ च्या गाजलेल्या लढतीत मिसावाने कावादाला हरवले ते दोन्ही हात अडकवून डोक्यावर टाकणाऱ्या अशाच एका डावाने. लढत असामान्य आहे यात शंका नाही. पण १३ जून २००९ रोजी हिरोशिमात एका साध्या बॅकड्रॉपनंतर हाच मिसावा रिंगमध्ये पडला आणि त्याच रात्री गेला, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. हे ठाऊक असलेल्या परीक्षकाने ‘काय भयंकर आपटले!’ अशा थाटात लिहिणे शोभत नाही. तालमीतली पोरे आपला लेख वाचतात आणि मॅटवर करून पाहतात, हेही आपल्या भागात गृहीत धरावे लागते. ज्या डावात समोरच्याचे दोन्ही हात अडकलेले असतात त्यात त्याला मान वाचवायला काहीच उरत नाही, एवढे एक वाक्य लेखात असू द्यावे.

पूर्ण कार्यक्रमावर लिहायचे असेल तर सर्व लढतींना समान जागा देऊ नये. पहिल्या एक-दोन लढती काळ्या चड्डीतल्या नवशिक्यांच्या असतात, मोजके डाव, शेवटी पाय मुरगळून शरणागती. तेथे पाहायचे ते एवढेच की पकड घट्ट आहे का आणि पोराच्या अंगात रग आहे का. दोन ओळी पुरतात. ऑल जपानच्या नव्वदीतल्या कार्यक्रमांत मध्ये कुठेतरी वयस्कर बाबा आणि रशर किमुरा यांची सहा जणांची विनोदी लढत येते, जिच्यानंतर किमुरा माइक हातात घेऊन लोकांना हसवतो. घाईतले परीक्षक ती वगळतात. ती वगळू नये. पुढच्या तासाभराच्या ताणाआधी सभागृह मुद्दाम सैल सोडलेले असते, आणि ते किती सैल झाले हे पाहिल्याशिवाय मुख्य लढतीत ते किती ताणले गेले याचे माप मिळत नाही. या लढतीला एक परिच्छेद, मधल्या परदेशी पैलवानांच्या लढतींना मिळून एक, आणि उरलेली सगळी जागा शेवटच्या दोन लढतींना, अशी वाटणी साधारण बरोबर बसते.

सुरुवात करणाऱ्याने ८ जून १९९० घ्यावे, कारण लढत पंचवीस मिनिटांच्या आत संपते आणि तिच्यातली गोष्ट सरळ आहे. त्यानंतर ३ जून १९९४. जोड्यांच्या लढतीत चार माणसांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो, त्यामुळे ९ जून १९९५ तिसऱ्या क्रमांकावर ठेवावे आणि तिच्यासाठी वहीत पाचवा रकाना आखून घ्यावा: त्या क्षणी रिंगबाहेर उभा असलेला जोडीदार काय करतो आहे.